भेगेतली अकरा रोपं: लॉन काढलेल्या खळ्याचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या काका-काकींच्या घराचं आहे. राजापूर तालुक्यात, सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार जिथून उतरायला लागतं तिथे चिऱ्याचं जुनं कौलारू घर. घराभोवतीची जागा साडेतीन गुंठे. पुढे खळं, म्हणजे अंगण, खळ्याला लागून उघडा कातळ. मागे परडं: चार माड, एक फणस आणि न्हाणीचं पाणी जातं तिथे केळी नि अळू. तिन्ही बाजूंनी दगडांचा गडगा.

घराची दुरुस्ती झाली तेव्हा चुलतभावाने हौसेने पुढच्या बाजूला लॉन करून घेतलं. कातळावर तीन डंपर माती पडली, वर गवताचे तुकडे अंथरले. पहिला पावसाळा छान गेला. पण आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. पुढचे आठ महिने जे काही पाणी लागेल ते विहिरीचं. लॉनला रोज तीनशे-साडेतीनशे लिटर लागत होतं. दुसऱ्या वर्षी एप्रिलात विहिरीचा तळ दिसला, तेव्हा काकींनी पाइप गुंडाळून मांगरात ठेवला. लॉन वाळून गेलं. फेब्रुवारीत सगळी माती उचलून माडांच्या आळ्यांत टाकली, कातळ पुन्हा झाडून घेतला. ठरलं की लॉन नाही, पेव्हर ब्लॉकही नाहीत. पावसाने जे उगवेल ते बघू.

मृग बरा लागला आणि पंधरा दिवसांत आवार हिरवं झालं. बेणायला गडी आला, खुरपं हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "ह्यातलं ठेवू काय आणि काढू काय?" साधा प्रश्न होता, पण घरातल्या कोणालाच त्याचं पूर्ण उत्तर देता आलं नाही. मी त्या महिन्यात तिथेच होतो. काकींनी गड्याला चहा दिला, परड्यातलं रानमोडी ह्या तणाचं तेवढं काम सांगितलं आणि खळ्याकडे आठ दिवस येऊ नको म्हणून बजावलं.

खुंट्या आणि वही

बांबूच्या कामट्या काढून त्यांवर ऑइल पेंटने आकडे घातले. एका प्रकारच्या रोपाला एक खुंटी. आर्द्रा संपेपर्यंत खुंट्या त्रेचाळीस झाल्या. त्यातली निम्मी काकींनी उभ्या उभ्या सांगितली: टाकळा, कुर्डू, केना, आंबुशी, भुईआवळा, एकदांडी, लाजाळू, आघाडा, तेरडा, दूर्वा. त्यांना पान हातात घ्यावंही लागलं नाही.

उरलेल्यांसाठी वही केली. प्रत्येक खुंटीला एक पान आणि त्यात ठरावीक गोष्टी: रोप कुठे आहे (उन्हात, सावलीत, ओलीत, भेगेत), पानं समोरासमोर की एकाआड एक, खोड गोल की चौकोनी, मोडल्यावर चीक येतो का आणि कोणत्या रंगाचा, चुरडल्यावर वास कसला, पानाची पाठ कशी, जमिनीखाली काय. नावाचा रकाना सगळ्यांत खाली ठेवला आणि तो पेन्सिलीनेच भरायचा असं ठरवलं. नाव आधी लिहिलं की डोळे त्या नावाला जुळणाऱ्या खुणा तेवढ्या टिपतात आणि न जुळणारी खूण समोर असून दिसत नाही. ह्या एका शिस्तीचा पुढे आम्हाला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

छोट्या छोट्या गोष्टींतूनच बरंच सुटत गेलं. भुईआवळा म्हणून दाखवलेल्या रोपांपैकी काही मोडल्यावर पांढरा चीक आला. भुईआवळ्याला चीक नसतो. ती दुधी निघाली. मग खरे भुईआवळे तरी एकच का, म्हणून पानं उलटी केली. काहींची फळं गुळगुळीत आणि बारीक देठावर लोंबणारी, तर काहींची खरबरीत, देठाशिवाय दांडीलाच चिकटलेली. म्हणजे दोन वेगळ्या जाती, आणि काकी दोघींना आजवर एकच म्हणत होत्या. माका ओळखायला त्यांनीच युक्ती दाखवली: पान तळहातावर चोळायचं आणि थोडं थांबायचं, रस काळा पडत जातो. टाकळ्याच्या वाफ्यात कासविंद्याची चार रोपं होती. टाकळ्याच्या पर्णिका तीन जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याच्या जास्त जोड्या, टोक निमुळतं, वास उग्र. कासविंद्याच्या बिया विषारी असतात आणि घरात लहान मुलं येतात-जातात, म्हणून ती चारही शेंगा धरायच्या आधी काढली.

भेगेतली अकरा रोपं

खुंटी क्रमांक 17. खळ्याच्या पुढच्या कडेला कातळात एक लांब भेग आहे, बोटभर रुंद. तिच्यातून मृगाच्या पहिल्या आठवड्यातच गवतासारखी अरुंद, जाडसर, गुळगुळीत पानं वर आली. मोजली तेव्हा अकरा रोपं, सगळी भेगेच्या रेषेत. भेगेबाहेर एकही नाही.

वहिनी मुंबईहून आल्या होत्या. त्यांनी बघताक्षणी सांगितलं की ही फोडशी. दादरच्या बाजारात पावसाळ्यात जुड्या येतात, त्या दरवर्षी घेतात, कांदा घालून भाजी करतात. पानाची रुंदी तीच, रंग तोच. त्या टोपली घेऊन आल्यासुद्धा. मी ओळख पटवणाऱ्या एका ॲपवर फोटो टाकला. पहिल्या दिवशी त्याने फोडशीच्या कुळीतलं नाव दिलं, दोन दिवसांनी दुसऱ्या फोटोवर काळी मुसळी, आणि आठवड्याने नुसतं गवत. नुसत्या पानाच्या फोटोवर इतकंच होऊ शकतं, कारण ह्या सगळ्यांची पानं लहान असताना सारखीच दिसतात.

काकी म्हणाल्या, "फोडशी काजूखाली येते, मातीत. कातळावर येत नाही. ह्या घरात येऊन मला एकेचाळीस वर्षं झाली, खळ्यात फोडशी कधी बघितलेली नाही. फूल येऊ दे, मग बोलू."

वहिनींना ते थोडं लागलं. पण दोघींच्या माहितीत कमीजास्त असं काही नव्हतं, ती दोन जातींची होती. वहिनींना फोडशी जुडीत बांधलेली माहीत होती: मूळ कापलेलं, जागा मागे राहिलेली. काकींना ती जागेसकट माहीत होती. रानभाजी ओळखताना जागा ही पानाइतकीच मोठी खूण आहे, आणि बाजारात येताना नेमकी तीच गळून जाते.

"फूल येऊ दे" ह्यावर मी वाट बघायला तयार होतो, पण कोणकोणत्या शक्यता आहेत ते मांडून ठेवणं गरजेचं वाटलं, कारण त्यातल्या दोन जीवावर बेतणाऱ्या होत्या. वहीत अशी नोंद केली:

फोडशी असेल तर खाली कांदा नसणार, मांसल मुळांचा झुबका असणार. फूल पांढरं, चांदणीसारखं उघडं, मधे पिवळे परागकोश.

काळी मुसळी असेल तर पानाला लांबीने चुण्या असणार, माडाच्या कोवळ्या रोपासारख्या. खाली काळं, सरळ खोल गेलेलं मूळ. फूल पिवळं, सहा पाकळ्यांचं, जमिनीलगत.

कळलावी असेल तर पानं बुडातून न येता उभ्या खोडावर असणार आणि मोठी झाल्यावर पानाचं टोक वेटोळं होऊन आधार पकडणार. कंदात कोल्चिसिन. तो पोटात गेला तर माणूस दगावू शकतो.

कोळकांदा, ज्याला रानकांदाही म्हणतात, असेल तर खाली मोठा कांदा असणार आणि फुलाचा दांडा पानांच्या आधी, उन्हाळ्यातच येऊन गेलेला असणार. त्या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.

नोंद लिहून झाल्यावर दोन नावं तिथल्या तिथे मागे पडली. पानाला चुण्या नव्हत्या आणि पानं थेट जमिनीतून येत होती, म्हणून मुसळी आणि कळलावी बाजूला. उरली फोडशी आणि कोळकांदा: एक ताटात जाणारी, दुसरा विष. दोघांमधला फरक जमिनीखाली होता.

काकींनी एकाच अटीवर खणायला होकार दिला: अकरातलं सगळ्यांत लहान एक, आणि बघून झालं की डब्यात लावायचं. माडाच्या झावळीच्या हिराने भेगेतली माती मोकळी करत करत ते काढायला अर्धा तास गेला. खाली पांढरा कांदा निघाला, लिंबापेक्षा लहान, पापुद्र्यांचा. फोडशी तिथेच संपली. कांदा नाकाशी नेला तर कांद्याचा वास अजिबात नाही. ज्याला कांद्यासारखा कांदा आहे पण कांद्या-लसणीचा वास नाही, त्याची चवसुद्धा बघायची नाही, हा नियम मी तेव्हा वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. वहिनींनी टोपली आत नेली आणि परत येऊन माझ्याबरोबर कातळावर बसल्या. नंतरचे सगळे फोटो त्यांनीच काढले.

कोळकांदाही पटत नव्हता. मे महिन्यात काका रोज संध्याकाळी त्या कडेला खुर्ची टाकून बसतात, त्यांनी एकही फुलाचा दांडा पाहिला नव्हता. कोळकांद्याच्या मानाने कांदाही फारच लहान. म्हणजे माझ्या यादीत नसलेलंच काहीतरी होतं. नावाचा रकाना कोराच राहिला.

आर्द्रा संपता संपता एका रोपातून बारीक दांडा वर आला. मग चौथ्यातून, सातव्यातून. पुनर्वसूच्या पहिल्या उघडिपीत फूल उमललं: पांढरं शुभ्र, बुडाशी लांबट नळी आणि पुढे सहा पाकळ्या. फोडशीच्या फुलाला अशी नळी नसते, ते पहिल्यापासून उघडं. त्या फरकाने जात नव्हे, कुळाची शाखाच बदलली. वहिनींनी फूल समोरून, बाजूने, आणि गळून पडलेलं एक उभं चिरून, पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले. ते ओळखीतल्या एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवले. त्यांनी लगेच नाव सांगितलं नाही. आधी चार प्रश्न विचारले: नळी किती लांब, पुंकेसर कुठे चिकटले आहेत, कांद्याचा फोटो आहे का, आणि जागा कोणती, माती की कातळ. वहीतून सगळी उत्तरं देता आली. मग ते म्हणाले, दीपकाडी.

शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकनेन्स. 1850 साली डॅल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं, आणि तिच्या नावात कोकण तेव्हापासून आहे. जांभ्या कातळाची, आपल्या ह्या किनारपट्टीची ही वनस्पती. चार महिने कातळावर पाणी वाहतं आणि आठ महिने तो तव्यासारखा तापतो. अशा जागी टिकायचं तर पावसात पटकन पान, फूल, बी करून टाकायचं आणि उरलेलं वर्ष कांद्यात झोपून काढायचं. सड्यावरच्या कितीतरी कंदवर्गीय वनस्पतींचं जगणं असंच असतं.

अकराच्या अकरा रोपं भेगेच्या रेषेत होती. लॉनच्या मातीबरोबर आली असती तर ती सगळ्या खळ्यात विखुरली असती. म्हणजे ती मुळातली इथलीच, आणि दोन पावसाळे तीन डंपर मातीखाली गाडलेली. हे कळलं तेव्हा चुलतभावाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "सगळी आली का वर?" ते सांगता येण्यासारखं नव्हतं. आधी किती होती हे कोणी मोजलंच नव्हतं.

इथे थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं. सातबाऱ्यावर कातळाची नोंद पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, अशी असते. ह्या शब्दाने आपल्या मनात पक्कं बसवलं आहे की तिथे काहीच नाही. म्हणून बागेसाठी सुरुंग लावताना, चिऱ्याची खाण काढताना किंवा आमच्यासारखं लॉन अंथरताना कोणाचा हात अडत नाही. पावसात चार वेळा सड्यावर वाकून चाललेला माणूस तो शब्द पुन्हा सहज उच्चारू शकणार नाही.

दीपकाडीची नोंद सार्वजनिक करताना नेमकं ठिकाण धूसर ठेवण्याची सोय वापरली. दुर्मीळ कांद्यांचा पत्ता उघड झाला की ते खणून नेणारेही येतात.

न्हाणीकडची ब्राह्मी

खुंटी 22 चं प्रकरण वेगळं, आणि काकींना जास्त जिव्हाळ्याचं. न्हाणीच्या पाण्यावर गोल पानांची एक चटई आहे. तिला घरात ब्राह्मी म्हणतात, तिचा रस खोबरेल तेलात उकळून डोक्याला लावतात. वहीत खुणा भरताना लक्षात आलं की रकान्यांत दोन दोन उत्तरं येताहेत. काही पानांची कड करवतीसारखी बारीक गोल दात्यांची, एका पेरातून तीन-चार पानं लांब देठांवर वर आलेली. काहींची कड सरळ, खोड बारीक केसाळ, पेराला एकच पान.

फूल आल्यावर उलगडलं. सरळ कडेच्या पानांत पिवळी, छोट्या घंटेसारखी फुलं आली: उंदीरकानी. दातेरी पानांखाली लपलेली बारीक तांबूस फुलं, ती मंडूकपर्णी, म्हणजे आमच्याकडची ब्राह्मी. दोन्ही पेरापेराला मुळं धरत एकमेकींत शिरल्या होत्या, आणि तेलाला पानं खुडताना दोन्ही जात होत्या. त्यात आणखी एक गुंता: काही ठिकाणी ब्राह्मी म्हणून जी विकतात ती तिसरीच, जाडसर लहान पानांची जलब्राह्मी. म्हणून वैद्याला किंवा दुकानदाराला नुसतं "ब्राह्मी" म्हणून भागत नाही, पान दाखवावं लागतं.

काकींनी दुपारभर बसून दोन्ही वेगळ्या केल्या. उंदीरकानी गडग्याच्या कडेला नेऊन लावली, फेकली नाही.

लॉनऐवजी म्हणून दिलेलं रोप

लॉन काढल्यावर एका रोपवाटिकेतून चुलतभावाने "लॉनऐवजी, पाणी लागत नाही" म्हणून वीस पिशव्या आणल्या होत्या. चकचकीत पानं, पिवळी फुलं, जमिनीवर पसरणारं. नाव सांगितलं वेडेलिया. शेजारी बघून म्हणाले, पिवळा माका आहे, औषधी आहे, राहू दे. खुंटी 9.

इथेही पान बघावं लागलं. आपल्याकडच्या पिवळ्या माक्याचं पान लांबट आणि सलग असतं. ह्याच्या पानाला दोन बाजूंना टोकं फुटलेली, तीन भाग दिसणारी. हे मध्य अमेरिका आणि कॅरिबियन भागातलं, आणि जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या ओळखीची घाणेरी आणि रानमोडीही त्याच यादीत आहेत. पेर जमिनीला टेकलं की मूळ धरतं. जूनमध्ये वीस ठिकाणी असलेलं ते जुलैअखेर एकसंध पसरलं होतं आणि भेगेपासून दोन हात अंतरावर येऊन पोचलं होतं.

ते काढायला तिघांना चार दिवस लागले. ओढून उपटलं तर तुटलेलं पेर राहतं आणि पुन्हा फुटतं, म्हणून मुळासकट सोडवून, घमेल्यात गोळा करून, कातळावर प्लास्टिकवर उघडिपीत वाळवलं. शेणकीत टाकलं नाही. पुढचे तीन महिने दर आठवड्याला एक फेरी घालून नवे फुटवे काढले. अनोळखी रानटी रोपाला भिऊन आपण खुरपं मागवतो आणि खात्रीचं म्हणून पैसे देऊन आणलेलं रोप निर्धास्तपणे लावतो. आमच्या आवारात सगळ्यांत मोठं नुकसान करू शकणारं रोप पिशवीतून आलेलं होतं.

गणपतीपर्यंत

ऑगस्टपर्यंत त्रेचाळीसपैकी अडतीस नावं पेनाने लिहून झाली. गड्याच्या प्रश्नाचं उत्तर आता वहीतून देता येत होतं. दूर्वा, केना, आंबुशी, भुईआवळे, लाजाळू जागच्या जागी. टाकळा, कुर्डू भाजीपुरता ठेवून बाकी फुलायच्या आत कापायचा. वाटेवरचा आघाडा काढायचा, कारण कपड्यांना चिकटतो. गडग्याकडचा पत्रीसाठी ठेवायचा. रानमोडी दिसेल तिथे मुळासकट. तिची खूण काकांनी गड्याला शिकवली: पान उलटं धरलं की देठापासून निघालेल्या तीन शिरा त्रिशूळासारख्या दिसतात.

कळलावी खरोखरच निघाली, पण मागे, गडग्यावर. गणपतीच्या आधी तिला ज्वाळेसारखी फुलं आली. ती राहू द्यायची की नाही ह्यावर घरात बरंच बोलणं झालं. शेवटी राहिली, कारण ती चढली होती ती जागा मुलांच्या खेळण्याची नाही, आणि परड्यातला एकही कंद काकींना दाखवल्याशिवाय स्वयंपाकघरात येणार नाही असं ठरलं. करांदे आणि कणगर हे खायचे कंद ज्या मातीत खणतो त्याच मातीत ती आहे, त्यामुळे हा नियम आवश्यकच होता. गौरीसाठी तेरडा मात्र ह्या वर्षी पाणवठ्यावरून आणावा लागला नाही, खळ्याच्या कडेचाच झाला.

दीपकाडीला तिकोनी बोंडं धरली. ती सुकून तडकली तेव्हा आत काळ्या चपट्या बिया होत्या. प्राध्यापकांनी सांगितलं होतं की बी गोळा करून कुठे दूर लावण्याचा मोह करू नका, पडतं तिथे पडू द्या. तसंच केलं. डब्यातलं अकरावं, म्हणजे खणलेलं लहान रोप, पुन्हा भेगेत लावलं. अकरा होती ती अकराच झाली.

ऑक्टोबरात पानं पिवळी पडली, मग नाहीशी झाली. भेग पुन्हा रिकामी दिसायला लागली. दिवाळीआधी खळं करायचं होतं: गवत काढायचं, फावड्याने सारखं करायचं, चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं. गडी सकाळी फावडं घेऊन आला तेव्हा काकी आधीच भेगेपाशी बसलेल्या होत्या. जांभ्याचे मुठीएवढे खडे त्यांनी भेगेच्या दोन्ही अंगांनी ओळीने मांडत आणले होते आणि 17 नंबरची खुंटी दगडाने ठोकून खोल बसवत होत्या.

"इथवर चोप," त्यांनी गड्याला हाताने दाखवलं. "खड्यांच्या आत फावडं नाही."